विम्यासाठी मुक्काम

महिन्यातून एकदा मी अकोल्याहून अमरावतीला फक्त झोपायला जात असे. हे ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे आधी हसले. हसा बाप्पा, तुमचं काय जातं! संध्याकाळच्या आत पोचायचं, आईच्या बंद घराचं कुलूप काढायचं, झाडूनपुसून आईच्या पलंगावर झोपायचं आणि सकाळी पुन्हा कुलूप लावून अकोल्याची बस धरायची. हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर त्या घरात माणूस राहतं असं विमा कंपनीला दाखवता यावं म्हणून.

आणि जिला त्या घरात खरोखर राहायचं होतं ती माझी आई अकोल्यात माझ्या मधल्या खोलीत बसून माझी वाट बघत असायची. मी परत आले की चप्पल काढायच्या आत विचारायची, "कसं आहे वं घर?" मी म्हणायचे, "होतं तसंच आहे." तेवढ्यावर तिचं भागत नसे. तुळशीला पाणी टाकलं का, मागच्या दाराची कडी नीट बसते का, पत्र्याच्या पेटीवर काही ठेवलं तर नाहीस ना, एकेक विचारत राहायची. मी बसच्या धक्क्यांनी पिळून निघालेली असायचे. कधी कधी फटकन बोलून जायचे, की आई, मी तिथं झोपायला गेले होते, हिशेब घ्यायला नव्हते.

ते घर बडनेऱ्याच्या रस्त्यावरच्या एका कॉलनीत. वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते, नोकरीत असतानाच त्यांनी प्लॉट घेऊन बांधलं आणि आईच्या नावावर केलं. जमीन काळ्या मातीची. काळ्या मातीवर घर म्हणजे कायमची धास्ती. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हात भेगा पडून बसते, आणि वरच्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात. म्हणून वडिलांनी पाया खोल घेतला, मुरूम भरला, घराभोवतीचं पाणी बाहेर जाईल असे उतार काढले. ते गेल्यावर आई तिथं एकटी राहिली, आणि चांगली मजेत राहिली. सकाळी सडा, दुपारी शेजारच्या भाभींशी गप्पा, संध्याकाळी देवळात. ना मला त्रास, ना पुण्यातल्या माझ्या भावाला.

मग एक दिवस ती न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. भिंतीपलीकडून भाभींनी हाक ऐकली म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. अमरावतीतच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने कोणाजवळ तरी ठेवा, मग पूर्ववत राहू शकतील. भावाचं पुण्याचं घर चौथ्या मजल्यावर, नवरा-बायको दोघंही नोकरीवर. तेव्हा आई माझ्याकडे आली. दोन-तीन महिन्यांसाठी. तिनं पातळंसुद्धा मोजकीच आणली होती.

त्याच सुमारास कॉलनीत एक बंद घर फुटलं. चोरांनी सिलिंडर, पंखे, पितळेची भांडी तर नेलीच, न्हाणीतले नळसुद्धा काढून नेले. भावाची झोप उडाली. त्यानं लगेच घराचा विमा उतरवायचं ठरवलं. एजंट त्याचाच शाळेतला मित्र, अमरावतीचा. सगळं फोनवर. एजंटनं विचारलं, "राहतं घर आहे ना?" भाऊ म्हणाला, "हो हो, राहतं." फोन स्पीकरवर होता आणि आई माझ्या शेजारी बसली होती. ती मधेच ठसक्यात म्हणाली, "मीच राह्यतो तिथं. आनखी कोन राहीन?" एजंट हसला, म्हणाला, "झालं मग काकू." आणि खरंच झालं. तिच्या मते ती खोटं बोललीच नव्हती. ती माझ्याकडे पाहुणी होती, पाहुणा काही घर सोडून आलेला नसतो.

पॉलिसी हातात आल्यावर एजंटला एक अट आठवली. आधी नाही आठवली, आधी हप्ता आठवला. घर सलग महिनाभरापेक्षा जास्त दिवस कोणी न राहता बंद असेल तर विमा लागू होत नाही. बंद ठेवायचंच असेल तर कंपनीला आधी लेखी कळवायचं आणि कंपनीनं हो म्हणायला हवं. मी भावाला म्हटलं, "मग कळवून टाक ना." तो म्हणाला, "कळवलं की दहा प्रश्न येतात ताई. चौकीदार आहे का, लक्ष कोण ठेवतं, कधी उघडणार. त्यापेक्षा तू महिन्यातून एक रात्र जाऊन राहा ना. सलगपणा तुटतो."

सलगपणा तुटतो! कुठून शोधून काढतो हे शब्द, कोण जाणे. मी म्हटलं, "त्यापेक्षा आईलाच नेऊन सोडते की. आता काठी घेऊन चालते ती. घरही राहतं राहील आणि तीही खूश." मग तो म्हणाला, "आणि पुन्हा पडली तर? जबाबदारी तू घेशील?" जबाबदारी म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. मी पिशवी भरली आणि पहिल्या मुक्कामाला गेले.

सुरुवातीला वाटलं, दोन-चार वेळा जावं लागेल, मग आई जाईलच. पण ते अंगवळणी पडत गेलं, जसं कोणतंही गाढवाचं काम पडतं. भावानं आणखी एक काढलं: फोटो पाठवायचा. घरात मी आहे, पलंगावर चादर आहे, टेबलावर पाण्याची बाटली आहे, असा. पन्नाशी उलटलेली बाई मी, आईच्या पलंगावर बसून, हात लांब करून स्वतःचे फोटो काढत होते. एकदा तर म्हणाला, "ताई, जरा हसऱ्या चेहऱ्यानं काढ." मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

मग त्यानं एक दिवा पाठवला. अंधार पडला की आपोआप लागणारा, उजाडलं की विझणारा. पुढच्या खोलीत खिडकीजवळ तो बसवून घ्यायला मात्र अक्षय्य तृतीयेची खेप उजाडली. चोराला वाटलं पाहिजे घरात माणूस आहे. मीही माझ्या परीनं काळजी घेत होते. निघताना न्हाणीच्या मोरीत, म्हणजे पाणी जायच्या भोकात, चिंध्यांचा बोळा कोंबायचा आणि वर वीट ठेवायची, कारण बंद घरात मोरीतून घुशी वर येतात आणि गाद्या कुरतडतात. गॅसचं बटण, मेन स्विच सोडून बाकीची बटणं, देवघराची ताटी, सगळं दोन-दोनदा बघायचे. घर कसं सांभाळावं यात आम्ही दोघं भावंडं इतकी हुशार झालो की आमच्यासारखे आम्हीच.

इकडे आईचे दोन-तीन महिने होऊन कितीतरी पुढे गेले होते. ती काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायची, स्वतःची पातळं स्वतः धुवायची, माझ्या मोलकरणीला रागवायची. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजी ठणठणीत आहेत." रिक्षात बसल्या बसल्या ती म्हणाली, "आता?" मी म्हटलं, "बाबूला विचारते." भाऊ म्हणाला, थंडी जाऊ दे, थंडीत हाडं दुखतात. थंडी गेली. मग म्हणाला, आता ऊन सुरू होईल, एकटीला कूलरमध्ये पाणी भरणं जमेल का. आई ऐकत होती. तिनं माझ्याकडून फोन घेतला आणि म्हणाली, "बाबू, मी पन्नास उन्हाळे काढले त्या गावात. तू तवा कूलरसमोर झोपत होता." तो हसला. "तसं नाही गं आई," म्हणाला. तसं नाही तर कसं, ते काही त्यानं सांगितलं नाही.

मी अमरावतीला निघाले की दरवेळी ती दारात तयार होऊन बसलेली असायची. पातळ बदललेलं, केस विंचरलेले, हातात कापडी पिशवी. "मलेबी ने ना. एका रातीचं तं काम आहे." दरवेळी मी काहीतरी सांगायचे. बसमध्ये जागा मिळत नाही, पायऱ्या उंच असतात, पुढच्या खेपेला नक्की. खरं कारण भावानं मला बजावून ठेवलं होतं: "एकदा तिथं गेली ना ताई, तर ती परत यायची नाही. मग काय करशील?" त्याचं म्हणणं मला पटत होतं असं नाही. पण मला ओढाताणीचा कंटाळा आला होता, आणि त्याला फोनवरून हुकूम सोडायचा कंटाळा कधी येत नसे.

आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तेव्हा मात्र तिनं ऐकलं नाही. आखजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजायची, आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवायचा. ती म्हणाली, "त्याइची घागर मी जावयाच्या घरी भरनार नाही. त्याइच्या घरी भरीन." मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. नुसती रडत राहिली. शेवटी मी भावाला न विचारता गाडी सांगितली आणि तिला घेऊन निघाले.

काय सांगू, गेटची कडी तिनं स्वतः काढली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं! काठी तिनं ओट्यावरच ठेवून दिली. ही खोली, ती खोली, मागचं अंगण, भिंतीला हात लावत फिरली. माझ्यावर तोंडसुख घेतलं, की झाडते म्हणे, कोपरे तर तसेच आहेत. घरात पाणी नव्हतं, तर शेजारच्या भाभींनी दोन कॅन आणून दिले. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती, त्या सारख्या दवाखान्याच्या धावपळीत, तरी घटकाभर बसल्या. "काकू, अब मत जाओ. तुमच्याबिगर गल्लीत मन नाही लागत," म्हणाल्या. भाभींच्या पाण्यानं वडिलांची घागर भरली. आईनं पुरण घातलं नाही, नुसत्या पोळ्या केल्या, पण सगळा स्वयंपाक स्वतः केला. त्या रात्री ती तिच्या पलंगावर झोपली आणि मी खाली. फोटो काढायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

सकाळी ती उठून कामालाच लागली. त्या दिवशी नळाची पाळी होती. आता आमच्याकडच्या नळाचं सांगायला हवं. तो एक दिवसाआड येतो, तोही कधी चुकतो, आणि आला तर कोणत्या वेळी येईल त्याचा नेम नाही. म्हणून आमच्याकडच्या बायका कोरडा नळ उघडाच ठेवतात आणि खाली रिकामी बादली लावतात. बादलीत धार वाजली की हातातलं काम टाकून पाणी भरायला धावायचं. अकोल्यात माझ्याही घरी हेच. पुण्या-मुंबईचा माणूस बघेल तर म्हणेल, नळ उघडा राहिला. इथं तो राहत नसतो, ठेवलेला असतो.

आईनं न्हाणीतला नळ उघडून बादली लावली आणि पाण्याची वाट बघत बसली. मला म्हणाली, "नळ येऊ दे. टाकी भरून घेतो, मंग पाहू." मग पाहू म्हणजे काय ते मला कळत होतं. तेवढ्यात भावाचा फोन. माझ्या नवऱ्यानं त्याला सांगितलं होतं. त्यानं माझ्यावर आग पाखडली, की तू मला न विचारता तिला नेलंसच कसं, आत्ताच्या आत्ता निघ. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मी मोरीत बोळा कोंबला, वीट ठेवली, बटणं बघितली. नळाकडे माझी नजर गेली नाही, जायचं कारणही नव्हतं; रोज उघडा दिसणारा नळ कोणाला दिसतो? आईला मी जवळजवळ ओढतच गाडीत बसवलं. ती मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिली. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, तरी तशीच.

पुढच्या मुक्कामाला मी एकटी गेले. कुलूप निघालं, पण दार निघेना. चौकट तिरपी झाली होती. खांद्यानं ढकललं तेव्हा आतून कुबट वास आला आणि चपलेत पाणी शिरलं. पाणी किती वेळा आलं असेल आणि किती तास वाहिलं असेल कोणास ठाऊक. मोरी बंद, मग ते जाणार कुठं? न्हाणीतून स्वयंपाकघरात, तिथून खोल्यांत, मागच्या दाराखालून अंगणात, आणि तिथून घराच्या पायात. फरशा वर उचलल्या गेल्या होत्या. पलंगाचे पाय फुगले होते. मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, हात जाईल एवढा. मी दारातच बसले आणि मोठ्यानं रडले.

भाभी धावत आल्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, मी दवाखान्यातून येताना रोज पाहत होते. खिडकीत दिवा लागलेला. मले वाटलं, काकू राहूनच गेल्या आखजीपासून! मागच्या नालीत पाणी वाहताना पाहिलं, तर मनात म्हटलं, काकू अंगण धुऊन राहिल्या. बच्चा घरी आला की मिठाई घेऊन जाईन म्हणत होते." एवढा खर्च करून चोरासाठी लावलेला दिवा! चोर काही आले नाहीत. ज्या एका बाईनं भिंतीवरून डोकावून बघितलं असतं ती मात्र निर्धास्त राहिली.

आईला फोनवर सांगितलं. ती लगेच म्हणाली, "नळ मीच सोडला असन. पाळी होती त्या दिवशी." ना सबब, ना सारवासारव. मला इतका संताप आला होता, की काही बोलण्याआधी मी फोन ठेवला.

भावानं ओळखीच्या इंजिनियरला पाठवलं. तो म्हणाला, पाया बसला आहे, मागची बाजू पाडावीच लागेल, दुरुस्तीचा खर्च मोठा येईल. एजंट म्हणाला, "काळजी करू नका ताई, नळाच्या पाण्याचं नुकसान पॉलिसीत बसतं. सर्व्हेअर येईल, घर काकूंच्या नावावर आहे म्हणून जबाब त्यांचाच घेईल. त्यांनी फक्त म्हणायचं, मी इथंच राहते, आठ-पंधरा दिवस मुलीकडे गेले होते. बस." म्हणजे आता सगळं आईच्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. पैसे मिळाले तर घर उभं राहणार होतं, आणि घर उभं राहिलं तर तिला परत जायला जागा राहणार होती. हे मी तिला समोर बसवून नीट सांगितलं. भावानं व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. तिनं म्हटलं. "म्हनीन," असंही म्हणाली.

सर्व्हेअर घामाघूम झालेला पोरगाच होता, पण कामाला चोख. त्यानं आधी विजेचं मीटर बघितलं, फ्रिज उघडून बघितला, सिलिंडर हलवून बघितला. भिंतीचे, फरशांचे फोटो घेतले. मग मागच्या अंगणात आईसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही इथंच राहता ना?"

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती त्या तड्याकडे बघत होती. म्हणाली, "राह्यत होती. मागच्या पावसाळ्यात पडली, तवापासून पोरगी अकोल्याले घेऊन गेली. तवापासून नाही."

मी म्हटलं, "आई, मधे मधे येत होतीस ना तू?"

"एकदा. आखजीले. थेबी रडून."

सर्व्हेअरनं लिहिता लिहिता मान वर केली. "मग हे राहतं घर आहे, बंद नव्हतं, असं आम्हाला सांगितलंय, ते?"

"थे ही येते ना," आईनं माझ्याकडे बोट केलं. "एक रात झोपाले. तुमच्या कंपनीले दाखवाले. बिचारीची झोपबी होत नाही इथं. मी म्हनत होती, मले ठेवा, मी राह्यतो. पन मले नाही ठेवलं."

त्या पोरानं पेन खाली ठेवलं. मग त्यानं विचारलं, जरा हळू आवाजात, "आजी, नक्की कधीपासून नाही राहिलात तुम्ही या घरात?" आणि आईनं सगळं सांगितलं. पडली तो दिवस, दवाखाना, अकोला, डॉक्टर ठणठणीत म्हणाले ते, थंडी, ऊन, सगळं. न अडखळता. तो ऐकत राहिला. त्यानं तिला पाणी दिलं.

कंपनीचं पत्र इंग्रजीत आलं. घर सलग रिकामं होतं, एका रात्रीच्या मुक्कामाला राहणं म्हणत नाहीत, दावा नामंजूर. भाऊ पुण्याहून आला तो तणतणतच. "एक वाक्य होतं आई! एकच! दोनदा म्हणवून घेतलं होतं मी तुझ्याकडून! तुझंच घर होतं ना? तुझ्याच हातानं बुडवलंस तू!" मीही त्याच्या बाजूनंच बोलले. मला खरंच वाटत होतं की तिनं मुद्दाम केलं.

आई पलंगावर पाय सोडून बसली होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "थो परका पोरगा. त्यानं इचारलं, कवापासून घरी नाही राह्यल्या आजी. तुमी दोघांनी कवा इचारलं? त्यानं इचारलं तं मी सांगतलं." भावानं हात झटकले आणि गच्चीवर निघून गेला. त्यानंतर घर दुरुस्त करायची भाषा कोणी केली नाही.

प्लॉटला गिऱ्हाईक लवकर मिळालं. त्या भागात भाव चढलेले, आणि घेणाऱ्याला घर पाडायचंच होतं, तड्याचं त्याला काही नव्हतं. आई सहीला नाही म्हणेल अशी भावाला धास्ती होती. ती नाही म्हणाली नाही. "कोठी सही करू सांगा," एवढंच म्हणाली. भिंती सरळ असत्या तर गोष्ट वेगळी होती, असं मी स्वतःला सांगत राहिले.

रजिस्ट्रारच्या कार्यालयात गर्दी होती. आईला खुर्चीवर बसवलं, अंगठ्याचे ठसे घेतले, फोटो काढला. टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, "आजी, पत्ता?" आईनं घराचा पत्ता सांगितला, प्लॉट नंबरासकट, पोस्टाच्या आकड्यासकट. कारकून वैतागून म्हणाला, "तो तर विकून राहिल्या ना आजी! राहण्याचा पत्ता सांगा. सध्या राहता कुठं?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी भावाकडे. आईनं पदर सारखा केला.

"मी कोठीच राह्यत नाही," ती म्हणाली. "ठेवली आहे मले. कोठी ठेवली थे हिले इचारा."

कारकुनानं मान वर न करता माझ्याकडे हात पुढे केला. मी अकोल्याचा पत्ता सांगितला आणि त्यानं तो लिहून घेतला.